वांझपण कुणाचे?

अमरावतीहून परतवाड्याच्या रस्त्याला लागले की थोड्याच वेळात पेढी नदी लागते. नदीच्या अंगाला वसलेले आमचे वलगाव. गाडगेबाबांनी २० डिसेंबर १९५६ रोजी देह ठेवला तो या पेढीच्या पुलाजवळच. मी तेव्हा सात वर्षांचा होतो. बाबांचे दर्शन घ्यायला लोटलेली माणसे मला अंधूक आठवतात. परंतु त्याहून स्पष्ट आठवते ती माझी मोठी आई, म्हणजे माझ्या थोरल्या चुलत्यांची पहिली बायको. ती ओसरीच्या खांबाला टेकून रडत होती आणि म्हणत होती, "बाबा म्हणे नवस करू नोका. अन् घरचे म्हणे नवस कर. म्या कोणाचं आयकू गा?"

गाडगेबाबांनी आयुष्यभर कीर्तनांतून नवसांवर आणि बोकडाच्या बळीवर कोरडे ओढले. मोठी आई ती कीर्तने ऐकून येई, मनोमन पटवून घेई, आणि पुढच्याच पौषात तिला बहिरमच्या जत्रेला धाडले जाई. कारण लग्नाला नऊ वर्षे होऊनही तिची कूस उजवली नव्हती. १९५१ साली मोठ्या बाबांनी दुसरे लग्न केले. चार वर्षांनी, १९५५ साली, हिंदूंना एकीच्या हयातीत दुसरी करण्याची कायद्याने बंदी झाली. पण तोवर आमच्या घरात सवत आली होती आणि तिला ओवाळून उंबरठ्याच्या आत घेण्याचे काम मोठ्या आईनेच केले होते.

मौज अशी की दुसरीलाही मूल झाले नाही. आता तरी लोकांच्या ध्यानात काही यावे! पण छे! गावाने निकाल दिला, पहिलीची नजर लागली.

मोठ्या बाबांचा चेहरा देवीच्या वणांनी चाळणीसारखा झालेला होता. पंधरासोळा वर्षांचे असताना त्यांना देवी आल्या आणि ते मरता मरता वाचले, ही गोष्ट घरात कौतुकाने सांगितली जाई. त्या वणांचा आणि रिकाम्या पाळण्याचा काही संबंध असू शकेल, हे मला समजावयास पुढे पंचवीस वर्षे जावी लागली.

वळू बदलणारे शेतकरी

मी पुढे अमरावतीच्या एका शाळेत जीवशास्त्र शिकवले. तीस वर्षे बेडकाची आणि माणसाची शरीररचना फळ्यावर काढली. एकदा वर्गात एका शेतकऱ्याच्या पोराने विचारले, "सर, गाय फळली नाही तर आमचा बुढा दुसरा वळू पाहतो. मग माणसात बाईच काहून बदलतात?" वर्ग हसला. मीही हसलो. उत्तर मात्र दिले नाही.

खरोखर, आपला शेतकरी गोठ्यात जितका शहाणा, तितका माजघरात नाही. गावोगाव गाईंना कृत्रिम रेतन करणारी माणसे येतात, गोठवलेल्या वीर्याच्या नळ्या आणतात, आणि ते वीर्य कुठल्या वळूचे हे शेतकरी विचारून घेतो. पुरुषाचे बीज गाईच्या बाबतीत तपासायचे असते, हे त्याला ठाऊक आहे. घरात मात्र तो विचार उंबरठ्याबाहेरच चपलांपाशी राहतो.

आपली परंपरा तरी असे सांगते काय? महाभारत काढून पाहा. पंडूला संतती होण्याजोगी नव्हती, तेव्हा व्यासांनी तो शाप पंडूच्या माथी स्पष्ट लिहिला. कुंतीला कुणी वांझोटी म्हटले नाही. पंडूने स्वतः आपल्या बायकोपाशी आपले उणे बोलून दाखवले आणि वाट काढ म्हणून विनवले. राजा असून त्याला त्याची लाज वाटली नाही. आम्हाला वाटते!

आज वैद्यकशास्त्राचा हिशेब असा आहे, की मूल न होणाऱ्या जोडप्यांपैकी सुमारे निम्म्यांत पुरुषाचा दोष असतो. काहींत एकट्या त्याचा, काहींत दोघांचा मिळून. आणि सगळ्या पुरुषांत मिळून शंभरातल्या एकाच्या वीर्यात शुक्रजंतू मुळीच नसतात. असा पुरुष अंगाने धट्टाकट्टा असतो, संसारात कुठेही कमी पडत नाही. मर्दुमकी निराळी आणि बीज निराळे. या दोहोंची गल्लत केल्यामुळेच आपल्याकडे पुरुष तपासणीला भितो.

देवीचे वण, आतले

मोठ्या बाबांच्या वणांकडे पुन्हा वळतो. मुंबईचे डॉ. अ. म. फडके यांनी आपल्या सहकाऱ्यांसह १९७३ साली अमेरिकेतील एका नामांकित वैद्यकीय नियतकालिकात एक निबंध प्रसिद्ध केला. विषय होता, देवीचा रोग आणि पुरुषाचे वंध्यत्व. देवी येऊन गेलेल्या पुष्कळ पुरुषांत वृषणात शुक्रजंतू तयार होतात, पण त्यांना बाहेर नेणारी बारीक, वेटोळी नळी रोगाच्या दाहाने बुजून गेलेली असते. चेहऱ्यावर वण राहतात तसाच एक वण आतही राहतो. विहिरीला पाणी आहे, पण पाटच बुजला, असा हा प्रकार.

मुंबईच्याच डॉ. जी. एम. फडके या शल्यविशारदांनी कुटुंबनियोजनासाठी बांधलेली शुक्रवाहिनी पुन्हा जोडण्याच्या शस्त्रक्रियांचा आपला अनुभव १९६७ साली जगापुढे मांडला होता. ज्या काळात पुरुषाच्या वंध्यत्वाबद्दल बोलणे असभ्य समजले जाई, त्या काळात मराठी डॉक्टर त्यावर निबंध लिहीत होते, ही गोष्ट अभिमानाने सांगण्याजोगी आहे. आणि त्यांच्याही आधी र. धों. कर्वे यांनी १९२७ पासून १९५३ पर्यंत 'समाजस्वास्थ्य' मासिक चालवून, खटले सोसून, शरीराविषयी शरीराच्याच भाषेत बोलण्याची वाट पाडली होती. १९३४ च्या खटल्यात त्यांची बाजू मांडायला डॉ. बाबासाहेब आंबेडकर उभे राहिले होते.

देवीचा रोग भारतातून १९७५ साली गेला. १९८० साली साऱ्या जगातून गेल्याचे जाहीर झाले. मोठ्या बाबांची तपासणी कधीच झाली नाही, तेव्हा त्यांच्या बाबतीत मी शपथेवर काही सांगू शकत नाही. पण डॉ. फडक्यांच्या निबंधाची हकीकत माझ्या वाचनात आली, त्या दिवशी मोठी आई जाऊन दोन वर्षे झाली होती. ती 'वांझ' म्हणूनच गेली. मी वाचलेले तिला सांगायला कुणी उरले नव्हते.

खिशातला कागद

वाचक म्हणतील, ही झाली जुनी गोष्ट. म्हणून नवी सांगतो.

माझ्या धाकट्या भावाचा मुलगा वलगावला शेती पाहतो. संत्र्याची बाग आहे, थोडा कापूस, थोडी तूर. लग्नाला सात वर्षे झाली, मूल नाही. सूनबाई पदवीधर, शांत स्वभावाची. एके दिवशी ती अमरावतीला माझ्या घरी आली, हातात कागदांची जाड फाइल. सोनोग्राफी, रक्ताच्या तपासण्या, दुर्बिणीतून केलेली पाहणी, नाना औषधे. सारे बरोबर. फाइल माझ्यापुढे ठेवून ती म्हणाली, "काकाजी, सात वर्षांत माह्या चौदा तपासण्या झाल्या. यांची एकबी नाही. तुमी तर शिकवलं हाय ना हे?"

मी खाली मान घातली. तीस वर्षांपूर्वीच्या त्या पोराला द्यावयाचे राहिलेले उत्तर आता सुनेपुढे द्यावे लागत होते.

पुतण्याला मी स्वतः घेऊन गेलो. वीर्याची तपासणी ही सर्वांत साधी, सर्वांत स्वस्त आणि बिनदुखणीची तपासणी आहे. जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ साली ठरवलेल्या मापाप्रमाणे एका मिलिलिटरमध्ये शुक्रजंतू एक कोटी साठ लाख असणे ही खालची मर्यादा. पन्नास लाखांच्या खाली गेले की दोष गंभीर समजतात. पुतण्याच्या कागदावर आकडा होता, शून्य.

त्याने कागदाची घडी घातली आणि खिशात ठेवली. घरी सांगितले, "माह्यं बरोबर हाय."

सूनबाईला खरे ठाऊक होते. ती गप्प राहिली, आणि बोल खात राहिली. भावजय आडून आडून दुसऱ्या सोयरिकीची भाषा बोलू लागली. सोडचिठ्ठीचा शब्द घरात फिरू लागला. मी दोनदा पुतण्याला एकट्याला गाठून बोललो. तो म्हणे, "काकाजी, गावात तोंड कसं दाखवू?" मी म्हणालो, "आणि तिनं कसं दाखवायचं?" तो उठून निघून गेला.

पोळ्याचा दिवस आला. बैल सजून दारात उभे. सूनबाई आरतीचे ताट घेऊन पुढे झाली, तशी आमच्या आत्याबाई बोलल्या, "तू राहू दे. लेकुरवाळीनं ओवाळलं तं बरं." सूनबाईचे हात तसेच राहिले. ताटातला दिवा थरथरताना मी पाहिला.

पुतण्या बैलाची वेसण धरून उभा होता. ती त्याने गड्याच्या हाती दिली, सदऱ्याच्या खिशात हात घातला आणि घडी पडून पडून फाटायला आलेला तो कागद आपल्या आईपुढे धरला. "तिच्यात काई दोष नाई. दोष माह्यात हाय. हे पाय." मग आत्याबाईंकडे वळून म्हणाला, "ओवाळायचं तिनंच. नाही तं बैल सोडून देतो."

दारात पंचवीस माणसे असतील. कुणी बोलले नाही. सूनबाईने बैल ओवाळले.

एक शुक्रजंतू पुरे

त्यानंतरचे काम शास्त्राचे होते, आणि ते माझ्या समजुतीप्रमाणे सोप्या शब्दांत सांगतो.

इंग्लंडात २५ जुलै १९७८ रोजी शरीराबाहेर गर्भ धरवून जन्मलेली पहिली मुलगी जगात आली. त्याच वर्षी ३ ऑक्टोबरला कलकत्त्यात डॉ. सुभाष मुखोपाध्याय यांच्या प्रयत्नाने दुसरी मुलगी जन्मली. पण त्यांच्यावर कुणी विश्वास ठेवला नाही, आणि १९८१ साली त्या अभाग्याने आपला जीव दिला. पुढे ६ ऑगस्ट १९८६ रोजी मुंबईच्या केईएम रुग्णालयात डॉ. इंदिरा हिंदुजा आणि परळच्या संशोधन संस्थेचे डॉ. टी. सी. आनंदकुमार यांच्या हातून असे बालक जन्माला आले आणि भारतातले पहिले म्हणून गाजले. पण १९९७ साली आनंदकुमारांनी मुखोपाध्यायांची टिपणे तपासून स्वतःच जाहीर केले, की पहिला मान आमचा नव्हे, त्यांचा. भर पोळ्यात खिशातला कागद काढण्याइतकेच हेही धैर्याचे काम आहे असे मी मानतो.

परंतु या जुन्या रीतीत स्त्रीबीजाभोवती हजारो शुक्रजंतू सोडावे लागत आणि त्यातल्या एकाला आपल्या बळाने आत शिरावे लागे. ज्याच्यापाशी शुक्रजंतूच नाहीत किंवा असून दुबळे आहेत, त्याला तिचा उपयोग नव्हता. ही अडचण बेल्जियममधल्या ब्रसेल्स येथे सुटली, आणि तीही चुकून. पालेर्मो नावाचे इटालियन डॉक्टर शुक्रजंतू स्त्रीबीजाच्या बाहेरच्या कवचाखाली ठेवण्याचा प्रयोग करीत होते. एकदा सुई नको तितकी आत गेली आणि शुक्रजंतू थेट बीजाच्या गाभ्यात पडला. बीज फुकट गेले असे वाटले, तर तेच फळले! जानेवारी १९९२ मध्ये या रीतीने पहिले मूल जन्मले. तिला 'इक्सी' म्हणतात.

स्त्रीबीज मिलिमीटरच्या दहाव्या हिश्शाएवढे. शुक्रजंतूचे डोके त्याच्याही विसाव्या हिश्शाएवढे. सूक्ष्मदर्शकाखाली एका काचेच्या नळीने बीज अलगद धरायचे, केसाहून कितीतरी बारीक अशा दुसऱ्या पोकळ सुईत एकच शुक्रजंतू शेपटी मोडून घ्यायचा, आणि तो बीजात सोडून सुई मागे घ्यायची. शुक्रजंतूला पोहायचे नाही, झगडायचे नाही. जिवंत असला म्हणजे झाले. एक बीज, एक शुक्रजंतू.

मग प्रश्न उरतो, वीर्यात शून्य असेल तर तो एक आणायचा कुठून? पाट बुजला असेल, तर सुईने नळीतून किंवा वृषणातून काढतात. आज मोठे बाबा तरुण असते, तर त्यांच्यासारख्याला हा उपाय होता. पण पाट मोकळा आणि विहिरीलाच पाणी कमी, असे असेल तर काम अवघड. तेव्हा वृषण उघडून, सूक्ष्मदर्शकातून पाहून, ज्या बारीक नळ्या फुगीर दिसतील तेवढ्याच उचलतात. कोरड्या रानात ओलाव्याची जागा शोधावी तसे. ही शस्त्रक्रिया १९९९ पासून रूढ झाली.

पुतण्याचे रक्त तपासले, तेव्हा त्याच्या पुरुषपणाच्या गुणसूत्राचा, वाय गुणसूत्राचा, एक बारीक तुकडा जन्मापासूनच गहाळ असल्याचे निघाले. डॉक्टरांनी दोघांना समोर बसवून सांगितले: या प्रकारात निम्म्याहून अधिक जणांत शोधल्यावर शुक्रजंतू सापडतात, पण मुलगा झाला तर हा दोष त्याच्याकडे जाईल, मुलगी झाली तर जाणार नाही. आणि मुलगा की मुलगी हे निवडणे कायद्याने गुन्हा आहे, हेही सांगितले. गर्भाच्या तपासणीवर निर्बंध घालणारा कायदा आपल्या महाराष्ट्राने १९८८ सालीच केला होता. देशभरचा १९९४ चा.

आंबिया बहाराचे पैसे

त्या वर्षीचा आंबिया बहार बरा आला. बाग व्यापाऱ्याला दिली आणि ते सारे पैसे या कामी लागले. पुतण्याच्या शस्त्रक्रियेत थोडे शुक्रजंतू मिळाले. परंतु सोसावे लागले ते सूनबाईलाच अधिक. दोष नवऱ्याचा, आणि दहाबारा दिवस रोज सुई बायकोच्या पोटात! भूल देऊन तिची बीजे काढली, नऊ. पिकलेली सात. इक्सीने फळली चार. त्यांतले तीन गर्भ टिकले. एक आत ठेवला, दोन गोठवले.

चौदा दिवसांनी रक्त तपासले. गर्भ राहिला नव्हता.

सूनबाई रडली नाही. पुतण्या रडला. या उपायात पहिल्याच खेपेला यश येईल असे कुणी समजू नये. न येण्याचाच संभव अधिक. स्त्रीचे वय वाढत जाते तसतसा यशाचा आकडा उतरत जातो, आणि चाळिशीच्या जवळ तर फारच. म्हणून 'पाहू पुढच्या वर्षी' असे म्हणत दहा वर्षे बायकोच्या तपासण्या करीत बसणे म्हणजे तिचाच काळ जाळणे होय.

येथे चार गोष्टी रोखठोक सांगून ठेवतो. वर्षभर प्रयत्न करूनही मूल होत नसेल तर दोघांची तपासणी एकदम करावी. एक अहवाल वाईट आला तर घाबरू नये, काही आठवड्यांनी पुन्हा पाहावे; शुक्रजंतू तयार व्हावयाला अडीच महिने लागतात, आणि मध्ये कडक ताप येऊन गेला असला तरी आकडा घसरतो. तरुणांनी आखाड्यात पिळदार अंगासाठी पुरुषरसाची, टेस्टोस्टेरॉनची, इंजेक्शने घेऊ नयेत. बाहेरून तो रस मिळाला की शरीर स्वतःचे बीज करणेच थांबवते. भिंतीवर जाहिरात रंगवणाऱ्या 'खात्रीच्या' वैद्याकडे तर जाऊच नये. आणि केंद्र निवडताना ते २०२१ च्या कायद्याखाली नोंदलेले आहे की नाही, हे आधी विचारावे. या कायद्याप्रमाणे स्त्रीचे वय पन्नासच्या आत आणि पुरुषाचे पंचावन्नच्या आत असावे लागते. स्वतःचे बीज मिळालेच नाही तर दात्याचे घेता येते. दात्याचे नाव गुप्त राहते, आणि होणारे मूल कायद्याने त्या जोडप्याचेच असते.

आमच्या कापसाच्या मुलखासाठी एक गोष्ट आणखी. चीनमधील काही खेड्यांत कच्चे सरकीचे तेल खाण्यात येई, आणि तेथे संसारात पाळणे हलेनासे झाले. शोध घेता सरकीतला गॉसिपॉल नावाचा पदार्थ पुरुषाचे बीज मारतो असे दिसले. १९७० नंतर हजारो पुरुषांवर त्याचे संततिनियमनाचे औषध म्हणून प्रयोगही झाले; पण काहींत बीज परत आलेच नाही, म्हणून सोडून द्यावे लागले. शुद्ध केलेल्या तेलात हा पदार्थ काढून टाकलेला असतो, तेव्हा भीती नाही. परंतु पाहा, चीनच्या त्या गावांतही आधी किती बायकांना बोल लागला असेल!

मोठ्या आईचे नाव

गोठवलेल्या दोन गर्भांपैकी एक पुढच्या उन्हाळ्यात आत ठेवला. या वेळी चौदाव्या दिवशी फोन आला तेव्हा मी अंगणात आरामखुर्चीवर होतो. पुतण्याला बोलता येत नव्हते, मीच समजलो.

मुलगी झाली. बारशाला वलगावच्या घरात जागा पुरेना. आत्याबाईही आल्या. त्या सूनबाईपाशी गेल्या, काही बोलल्या नाहीत, तिच्या पायाशी बसून बाळाला मांडीवर घेतले. जुन्या माणसांचे क्षमा मागणे असेच असते.

नाव काय ठेवायचे हे सूनबाईने मला आधी विचारले होते. मी मोठ्या आईचे नाव सांगितले. ते नाव घरात सत्तर वर्षे कुणी कुणाला दिले नव्हते; वांझ बाईचे नाव पोरीला नको म्हणत. बारशाच्या दिवशी ते पाळण्यात चार वेळा उच्चारले गेले.

संध्याकाळी पेढीच्या पुलापर्यंत पुतण्या माझ्याबरोबर चालत आला. गावातले दोघे तरुण त्याला गुपचूप भेटून गेल्याचे त्याने सांगितले. "काकाजी, त्यायनं मले इचारलं, तपासाले कुठी जाऊ?"

"मग तू काय सांगितलंस?"

"म्हटलं, मी येतो संगं."